गोंगाटांतील बिनतारी इंटरनेट : शेतावरील जोडणी कशी सुधारावी?

शेतीच्या धंद्यास पाणी, बियाणें, खत व भांडवल यांची जितकी जरूरी आहे, जवळ जवळ तितकीच जरूरी आतां इंटरनेटची होऊन बसली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि जें पीक पूर्वीं तलाठी बांधावर येऊन सातबाऱ्यावर चढवीत असे, त्याची नोंद खातेदारानें स्वतः मोबाइलवरून करावी अशी पद्धत पडली. पीकविम्याचा अर्ज, फेरफाराची चौकशी, बाजारसमितीचे भाव, हवामानाचा इशारा, हीं सर्व कामें त्याच वाटेनें होऊं लागलीं आहेत. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यामुळें, पिकाचा रकाना कोरा राहिल्यास खातेदारास काय भोगावें लागतें हें त्यास चांगलें ठाऊक आहे. कर्ज मागावयास जावें तर पिकाची नोंद नाहीं. भरपाईच्या वेळीं पंचनामा व उतारा यांचा मेळ नाहीं. आणि मुदत टळल्यावर केलेल्या तक्रारीस उत्तर नाहीं. तेव्हां मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळीं शेतावरील इंटरनेट चालतें कीं नाहीं, ही कांहीं चैनीची बाब म्हणतां येत नाहीं.

केंद्र सरकारनें २५ ऑक्टोबर २०११ रोजीं मंजूर केलेल्या व पुढें भारतनेट या नांवानें प्रसिद्ध झालेल्या योजनेनें ऑप्टिकल फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचें काम हातीं घेतलें. परंतु गावठाणापासून मळ्यापर्यंतचा पल्ला बहुधा तारेवांचूनच राहतो. वाटेंत दहा जणांचे बांध, ओढा, पाट व रस्ता. तार पुरावी तर नांगराच्या फाळानें किंवा जेसीबीच्या दांतानें ती तुटावयाची. म्हणून पुष्कळ ठिकाणीं परवानाधारक पुरवठादार गांवांतील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या उंच इमारतीवर रेडिओयंत्र बसवितात व मळ्यांतील घरावर दुसरें यंत्र लावून बिनतारी जोडणी देतात. ही जोडणी पहांटे उत्तम चालते, दुपारीं अडखळते आणि रात्रीं आठाच्या सुमारास बसूनच जाते. शेतकरी म्हणतो, "रेंज तर पुरी दिसते, मग काम कां होत नाहीं?" या प्रश्नाचें उत्तर शोधणें व त्यावरील उपाय सांगणें, हा या लेखाचा हेतु आहे.

१. गोंगाट म्हणजे काय?

आठवडे बाजारांत दोन माणसें दहा हातांवर उभीं राहून बोलत असलीं तर त्यांस एकमेकांचें बोलणें ऐकूं येईल कीं नाहीं, हें केवळ त्यांच्या आवाजावर अवलंबून नसतें. भोंवतालच्या कलकलाटावरहि अवलंबून असतें. तोच आवाज रानांत अर्ध्या मैलावर पोंचतो. रेडिओयंत्राचेंहि तसेंच आहे. समोरून आलेला आपला संदेश किती जोराचा आहे व त्याच वेळीं त्याच पट्ट्यांत इतरांच्या लहरींचा गोंगाट किती आहे, या दोहोंमधील अंतरावर जोडणीचा वेग ठरतो. खळ्यावरील रास केवढी दिसते यापेक्षां उफणल्यावर दाणा किती पडतो तें महत्त्वाचें, तसाच हा प्रकार समजावा.

हा जोर डीबीएम या मापानें मोजतात. यंत्राच्या पडद्यावर तो ऋण आंकड्यांत दिसतो. उणें ६० हा आंकडा उणें ७० पेक्षां जोराचा असतो. या मापांत १० चा फरक म्हणजे दसपट व ३ चा फरक म्हणजे सुमारें दुप्पट, एवढें ध्यानांत ठेवल्यास पुरें. शांत रानांत २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यांत यंत्रास उणें ९५ च्या आसपास गोंगाट आढळतो. गजबजलेल्या गांवांत तोच उणें ८० किंवा त्याहूनहि वर चढतो. आपला संदेश उणें ६१ असेल तर शांत जागीं अंतर ३४ पडेल, गांवांत तेंच १९ वर येईल. सामान्यतः अंतर ३० च्या वर असलें म्हणजे यंत्र आपल्या उत्तम वेगानें चालतें. २० च्या सुमारास मध्यम चालतें. १० वर आलें कीं रखडतें, आणि त्याहून खालीं गेल्यास जोडणी वारंवार तुटते. "रेंज पुरी" दिसते ती फक्त संदेशाच्या जोराची असते. गोंगाट त्या दांड्यांत दिसत नाहीं, म्हणून फसगत होते.

२. गोंगाट येतो कोठून?

बिनपरवाना वापरतां येणाऱ्या लहरींचे मुख्य पट्टे दोन आहेत. पहिला २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा. यांत एकमेकांवर न चढणारीं चॅनेलें तीनच निघतात: पहिलें, सहावें व अकरावें. घरोघरचा वायफाय राउटर, ब्लूटूथचीं यंत्रें व मायक्रोवेव्ह चूल हीं सर्व याच पट्ट्यांत बडबड करितात. म्हणून गांवावरून जाणाऱ्या लांब जोडणीस हा पट्टा आतां निरुपयोगी समजावा. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. सरकारनें २०१८ सालीं ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ व ५७२५ ते ५८७५ असा एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग उघड्यावरील उपयोगासाठींहि परवान्यावांचून मोकळा केला. हा भाग गायरानासारखा आहे. ज्याला जनावर आहे त्यानें सोडावें. पण दुसऱ्याचें जनावर हांकून लावण्याचा अधिकार कोणासच नाहीं.

तिसरें कारण घरचेंच असतें. एकाच मनोऱ्यावर शेजारी शेजारी लावलेल्या यंत्रांपैकीं एक बोलत असतां दुसरें ऐकूं पाहतें, आणि शेजारच्या आवाजानें त्याचे कान बधिर होतात. चौथें कारण असें कीं, मनोऱ्याकडे तोंड करून बसविलेलीं निरनिराळ्या मळ्यांतील यंत्रें मनोऱ्यास ऐकूं येतात, परंतु तीं परस्परांस ऐकूं येत नाहींत. प्रत्येकास वाटतें, सर्वत्र शांत आहे, आपण बोलावें. आणि दोघे एकदम बोलल्यामुळें मनोऱ्यास एकहि शब्द कळत नाहीं.

येथें एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. गोंगाट दोन्ही टोकांस सारखा नसतो. मळ्यांतील यंत्र शांत जागीं असतें. गांवांतील मनोऱ्यावरचें यंत्र मात्र सगळ्या गांवाच्या माथ्यावर असतें, आणि जितकें उंच तितकें त्यास दूरदूरचें ऐकूं येतें. त्यामुळें पुष्कळदां चित्र उतरून घेणें सुरळीत होतें, परंतु अर्ज किंवा पिकाचा फोटो वर चढविणें अडतें. असें होत असेल तर दोष गांवाकडील टोकाचा आहे असें समजून तेथें उपाय करावा. मळ्यांतील यंत्र बदलून विशेष लाभ होणार नाहीं.

३. आवाज वाढविणें हा उपाय नव्हे

जोडणी बिघडली कीं पहिली सूचना येते ती यंत्राची शक्ति वाढविण्याची. ही सूचना किती घातक आहे हें विहिरीच्या उदाहरणानें शेतकऱ्यास लवकर पटेल. एकानें बोअर शंभर फूट खोल नेली, शेजाऱ्यानें दीडशें नेली, तिसऱ्यानें दोनशें. शेवटीं सर्वांचा खर्च वाढला आणि पाणी मात्र सर्वांचेंच खालीं गेलें. लहरींच्या बाबतींत तेंच घडतें. माझा आवाज हा शेजाऱ्यास गोंगाट असतो. त्यानेंहि आपली शक्ति वाढविली म्हणजे मी होतों तेथेंच येतों, आणि भोंवतालचे दहा जण विनाकारण भरडले जातात. शिवाय शक्ति फार वाढविल्यास यंत्राची वाणी अस्पष्ट होते व जवळचें यंत्र तिनें दिपून जातें. संदेश उणें ५० ते उणें ६५ यांच्या दरम्यान पोंचत असेल तर अधिक जोराची गरज नसते.

याहून मोठें कारण हवामानाच्या रडारचें आहे. पाऊस व वादळ पाहणारीं कांहीं रडारें ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या सुमारास काम करितात. अमेरिकेच्या ताब्यांतील पोर्टो रिको बेटावर सान हुआन येथील विमानतळाच्या रडारास उघड्यावर लावलेल्या ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांचा उपद्रव होतो असें २००९ सालीं उघडकीस आलें, आणि पुढें तेथील सरकारनें अशा कित्येक पुरवठादारांस दंड केले. रडार ऐकूं आल्यास आपण होऊन चॅनेल सोडण्याची सोय यंत्रांत असते. दुसऱ्या देशाचें नांव निवडून किंवा अन्य युक्तीनें ती बंद करणें हा गुन्हा तर आहेच, पण ज्या रडारवरून आपणांस गारपिटीचा इशारा मिळावयाचा त्याचेच डोळे आपण फोडण्यासारखें आहे. म्हणून शक्ति कायद्याच्या मर्यादेंत ठेवावी, यंत्र दूरसंचार खात्याच्या मान्यतेचें असावें, आणि जीं ठिकाणें बोलून सुधारत नाहींत तीं ऐकून सुधारावीं.

४. उपाय

(अ) प्रथम पाहणी. मोजणीवांचून हद्द कायम करीत नाहींत, तशी पाहणीवांचून यंत्राची जागा कायम करूं नये. बहुतेक चांगल्या यंत्रांत आजूबाजूचें प्रत्येक चॅनेल किती भरलें आहे हें दाखविण्याची सोय असते. ती पाहणी दोन्ही टोकांस करावी, आणि एकदां करून थांबूं नये. सकाळीं सहा, दुपारीं दोन व रात्रीं नऊ अशा तीन वेळां, निदान सात दिवस, आंकडे वहींत लिहावे. बाजाराचा दिवस त्यांत आला पाहिजे. पहांटे मोकळें दिसलेलें चॅनेल रात्रीं खचाखच भरलेलें असूं शकतें. सात दिवसांत ज्याचा वाईटांत वाईट आंकडा सर्वांत बरा असेल, तें चॅनेल घ्यावें.

(आ) मार्ग मोकळा करणें. दोन अँटेना एकमेकांस नुसत्या दिसल्या म्हणजे झालें, असें नाहीं. लहरींस जाण्यासाठीं दोहोंमध्यें विटीसारखी, मध्यें फुगीर व टोकांस निमुळती अशी मोकळी जागा लागते. ५.८ गिगाहर्ट्झवर ४ किलोमीटरच्या जोडणींत या फुगवट्याची त्रिज्या बरोबर मध्यें सुमारें ७.२ मीटर भरते. त्यांपैकीं निदान सहा-दशांश, म्हणजे सुमारें ४.३ मीटर, दृष्टिरेषेच्या खालीं व बाजूंस मोकळी पाहिजे. मळ्याच्या टोकापासून २०० मीटरवर हीच गरज सुमारें १.९ मीटरची असते.

शेतकऱ्यानें येथें ऋतूचा विचार करावा. पुरवठादाराचा माणूस बहुधा उन्हाळ्यांत येतो. त्या वेळीं ऊंस तुटलेला असतो, बांधावरील पुष्कळ झाडांची पानगळ झालेली असते, आणि मार्ग साफ दिसतो. पुढें भाद्रपदांत ऊंस माणसाच्या दुप्पट उंच होतो, झाडें पानांनीं भरतात, आणि तीं ओलीं पानें लहरी शोषून घेतात. मग लोक म्हणतात, पावसानें इंटरनेट गेलें. वास्तविक या लहरींची पावसाच्या थेंबांनीं चार किलोमीटरांत होणारी घट फार थोडी असते. खरा अडथळा ओल्या पानांचा किंवा जोडांत शिरलेल्या पाण्याचा असतो. म्हणून खांबाची उंची ठरवितांना मार्गांतील पीक त्याच्या पुऱ्या वाढीचें धरावें व झाडाची पुढील पांच वर्षांची वाढहि हिशेबांत घ्यावी.

मात्र उंची लागेल तेवढीच असावी. वर सांगितल्याप्रमाणें उंच कान अधिक गोंगाट ऐकतो. गांवांतील छपरावर अँटेना अशा जागीं लावावी कीं, तिचें तोंड मळ्याकडे मोकळें असेल आणि पाठीस पाण्याची टाकी, जिन्याची खोली किंवा भिंत यांचा आडोसा राहील. सिमेंटची भिंत मागून येणारा पुष्कळ गोंगाट फुकट अडविते.

(इ) अँटेनाचा कान अरुंद करणें. सर्व दिशांस बोलणारी अँटेना सर्व दिशांकडून ऐकतेहि. गांवच्या मध्यभागीं ती लावणें म्हणजे चव्हाट्यावर बसून हिशेब करण्यासारखें आहे. तिच्या ऐवजीं ठराविक कोनांत पाहणारी सेक्टर अँटेना बसवावी, आणि दोन ठिकाणांमधील सरळ जोडणीस डिश वापरावी. २३ डीबीआय लाभाच्या डिशचा झोत सुमारें १० ते १२ अंश रुंद असतो. ३० डीबीआयच्या डिशचा ५ ते ६ अंश. झोत जितका अरुंद, तितकीं बाजूचीं यंत्रें कानाआड होतात. डिशच्या कडेस पत्र्याचें किंवा धातूच्या जाळीचें कुंपण बसविलेलें मिळत असेल तर बाजूनें शिरणारा गोंगाट आणखी कमी होतो.

अरुंद झोताची नेमकी दिशा साधणें मात्र मेहनतीचें काम आहे. ४ किलोमीटरवर एका अंशाची चूक म्हणजे ७० मीटरांचें अंतर. एकानें डिश अगदीं सावकाश फिरवावी व दुसऱ्यानें पडद्यावरील आंकडा मोठ्यानें वाचावा. आंकडा चढून उतरूं लागला म्हणजे परत मागें यावें. डिशला मुख्य झोताखेरीज बाजूचे लहान झोतहि असतात. अशा एखाद्या झोतावर जोडणी जुळली तर ती चालते, परंतु वीस-पंचवीस डेसिबल गमावून चालते. म्हणून पहिल्या चढावर समाधान न मानतां दोन्ही बाजूंस बरेंच पुढें जाऊन पाहावें. शेवटीं खिळे-बोल्ट घट्ट आवळावे. एका वादळांत डिश दोन अंश सरकली तरी सर्व श्रम वायां जातात.

(ई) पट्टा अरुंद करणें. चॅनेलची रुंदी २०, ४० किंवा ८० मेगाहर्ट्झ अशी ठेवतां येते. रुंद चॅनेलचा वेग कागदावर मोठा दिसतो, परंतु तें गोंगाटहि तितक्याच रुंदीनें गोळा करितें. रुंद जाळें टाकलें म्हणजे मासळीबरोबर शेवाळहि येतें. रुंदी निम्मी केल्यास सुमारें ३ डेसिबलचा लाभ होतो, आणि गर्दींत मोकळा तुकडा सांपडण्याची शक्यता वाढते. गोंगाटाच्या जागीं २० मेगाहर्ट्झवर न अडखळतां चालणारी जोडणी ८० वर पडत-झडत चालणाऱ्या जोडणीपेक्षां प्रत्यक्षांत अधिक काम देते. कारण अडखळणारें यंत्र तेंच तेंच पुन्हां पाठवीत बसतें आणि पुन्हां पाठविलेला प्रत्येक तुकडा हा शेजाऱ्यास नवा गोंगाट होतो.

(उ) पाळी बांधणें. पाटाचें पाणी ज्याला मिळेल त्यानें उचलावें असें ठेवलें तर टोकाचा शेतकरी कोरडाच राहतो. म्हणून पाळी ठरवितात. साध्या वायफायची रीत "आधीं ऐक, शांत असल्यास बोल" अशी आहे. घरांत ती ठीक चालते, परंतु जेथें यंत्रें परस्परांस ऐकूं येत नाहींत तेथें ती मोडते, हें वर आलेंच आहे. यासाठीं मनोऱ्यानें प्रत्येकास क्षणाचा ठराविक भाग वांटून देण्याची पद्धत निघाली आहे. एकाच मनोऱ्यावरील अनेक यंत्रांचीं घड्याळें उपग्रहाच्या जीपीएस संकेतानें जुळवून सर्वांनीं एकदम बोलावें व एकदम ऐकावें, अशीहि सोय कांहीं यंत्रांत असते. तिच्यायोगें घरच्याच यंत्रांचा गोंगाट पुष्कळ कमी होतो. पुरवठादाराशीं करार करण्यापूर्वीं, "तुमच्या यंत्रांत पाळीची पद्धत आहे काय?" हा प्रश्न अवश्य विचारावा.

या पद्धतीचा एक चांगला दाखला आपल्याच देशांतील आहे. तामिळनाडूंत थेनी येथील अरविंद नेत्र रुग्णालयानें खेड्यांतील दृष्टिकेंद्रें लांब पल्ल्याच्या वायफायनें जोडलीं, जेणेंकरून खेड्यांतील रोग्यास दूरच्या डॉक्टरनें पडद्यावर पाहावें. अमेरिकेंतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनीं या कामांत साहाय्य केलें. त्यांनीं लांब जोडण्यांचा अभ्यास करून २००७ सालीं प्रसिद्ध केलें कीं, संदेश गहाळ होण्याचें मुख्य कारण त्याच पट्ट्यांत काम करणाऱ्या इतर वायफाय यंत्रांचा अडथळा हें आहे. त्यांनीं ठराविक पाळी बांधणारी व गहाळ तुकड्यांची आगाऊ भरपाई करणारी नवी रीत योजिली, तेव्हां त्याच यंत्रांवर साध्या रीतीच्या दुप्पट ते पांचपट काम निघालें. ही वाढ शक्ति न वाढवितां मिळाली, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

(ऊ) तार, वीज व पाणी. पुष्कळ वेळां गोंगाट म्हणून ज्याच्यावर बोट ठेवितात तो दोष तारेंत असतो. डिशपर्यंत जाणारी तार उघड्यावर टिकणारी व आंतून धातूचें आवरण असलेली घ्यावी. ती १०० मीटरांपेक्षां लांब नसावी आणि पंपाच्या मोटारीच्या केबलबरोबर एकाच नळींतून नेऊं नये. यंत्रांत शिरण्यापूर्वीं तारेस खालीं झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जातें. जोडाचें तोंड खालच्या बाजूस असावें. खांबास अर्थिंग हवेंच. शेतीपंपाच्या फीडरवर वीज ठराविक तासच असते; म्हणून यंत्र शक्य तर गावठाणाच्या सिंगल फेजवर किंवा लहानशा सौर पॅनेलवर व बॅटरीवर ठेवावें.

५. एका जोडणीचा हिशेब

वरील गोष्टी आंकड्यांनीं पाहूं. समजा, गांवांतील इमारतीपासून मळा ४ किलोमीटर आहे, पट्टा ५.८ गिगाहर्ट्झचा आहे व मार्ग मोकळा आहे. या अंतरांत वाटेंतील घट सुमारें १२० डेसिबल होते. अँटेनातून निघणाऱ्या एकूण जोराची मर्यादा हिशेबापुरती ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएम धरूं. दोन्हीकडे २३ डीबीआयच्या डिश व ४० मेगाहर्ट्झची रुंदी असतां:

पोंचणारा संदेश: ३६ वजा १२० अधिक २३, म्हणजे उणें ६१.
गांवांतील गोंगाट: उणें ८०.
दोहोंतील अंतर: १९. (मध्यम, रात्रीं गोंगाट आणखी चढल्यास रखडणार.)

आतां रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. गोंगाट पट्टाभर सारखा पसरलेला असल्यास तो उणें ८३ वर आला. अंतर २२.

पुढें दोन्हीकडे ३० डीबीआयच्या डिश लावल्या आणि ३६ ची मर्यादा ओलांडूं नये म्हणून दोन्ही यंत्रांची शक्ति ७ डेसिबलनें कमी केली. निघणारा जोर तितकाच राहिला, परंतु ऐकणारा कान ७ नें तीक्ष्ण झाला. संदेश उणें ५४; अंतर २९.

म्हणजे १९ चे २९ झाले. दहा डेसिबलची ही सुधारणा यंत्राची शक्ति पूर्वीच्या पांचव्या हिश्श्यावर आणून साधली. अरुंद झोतानें व भिंतीच्या आडोशानें बाजूचा गोंगाट घटला तर तो लाभ याहून वेगळा. खर्च मोठ्या डिशचा व एका दिवसाच्या श्रमाचा आहे. शेजाऱ्यास उपद्रव मात्र पूर्वीपेक्षां कमीच, कारण आपला झोतहि आतां अरुंद झाला.

६. सोसायटीनें करावयाचें काम

इतकें करूनहि एकट्या शेतकऱ्याचा उपाय एका मर्यादेपलीकडे चालत नाहीं. गांवांत तीन पुरवठादार, दूधसंस्थेचे कॅमेरे, पतपेढीची जोडणी, शाळेची जोडणी, असे सर्वजण एकाच गायरानांत आहेत. सरकार येथें हद्दी आंखून देत नाहीं, म्हणून आपसांत त्या आंखून घेणें भाग आहे.

त्यासाठीं आमची सूचना अशी कीं, शेतकरी सोसायटीनें लहरींची एक नोंदवही ठेवावी. तींत प्रत्येक उघड्यावरील यंत्रासाठीं एक ओळ असावी: यंत्र कोणाचें, कोठें बसविलें, तोंड कोणत्या दिशेस, चॅनेल कोणतें, रुंदी किती, शक्ति किती, व केव्हांपासून. बदल झाला कीं फेरफार लिहावा. वर्षांतून दोनदां, पेरणीपूर्वीं व दिवाळीनंतर, सर्व वापरणाऱ्यांस एकत्र बसवून वही वाचावी. एकाच छपरावरील यंत्रांस दूरदूरचीं चॅनेलें द्यावीं. ज्यांचे झोत परस्परांस छेदत नाहींत त्यांस तेंच चॅनेल पुन्हां देण्यास हरकत नाहीं. आणि ज्याला २० मेगाहर्ट्झ पुरते त्यानें ८० अडवूं नयेत. अशी वही कायद्यानें कोणास बांधणार नाहीं, हें खरें. परंतु पाटाची पाळीहि बहुतांशीं चार माणसांच्या लाजेवरच चालते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरें काम उपकरणांचें. दिशा लावण्याचें सामान, चाचणीचें एक यंत्र, उंच शिडी व सुरक्षापट्टा हीं प्रत्येकानें घेण्याची जरूरी नाहीं. सोसायटीनें एकदां घेऊन पाळीनें द्यावीं. मात्र इंटरनेट इतरांस विकणें किंवा वांटणें हें परवानाधारक पुरवठादाराचें काम आहे. तें त्याच्याकरवींच व लेखी करारानें व्हावें.

आणखी एक प्रयत्न येथें सांगणें इष्ट वाटतें. मुंबईच्या आय. आय. टी. या संस्थेनें पालघर जिल्ह्यांतील खेड्यांत टेलिव्हिजनच्या पट्ट्यांतील रिकाम्या लहरींचा उपयोग करून पाहिला. ५०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ६० सेंटिमीटर लांब असते, ५.८ गिगाहर्ट्झची केवळ ५ सेंटिमीटर. लांब लहर झाडींतून पुष्कळ चांगली जाते. परंतु तो पट्टा सर्वांस मोकळा नाहीं. म्हणून शेतकऱ्यानें तूर्त ५ गिगाहर्ट्झचाच उत्तम उपयोग करणें श्रेयस्कर.

७. सारांश

जोडणी बिघडल्यास पुढील क्रमानें चालावें. प्रथम तार, जोड, वीज व डिशची दिशा पाहावी. मग संदेश व गोंगाट हे दोन्ही आंकडे दोन्ही टोकांस सात दिवस लिहावे. मार्गांत पीक किंवा झाड वाढलें आहे काय तें पाहावें. चॅनेल बदलावें, रुंदी कमी करावी, नंतर मोठी डिश व आडोसा यांचा विचार करावा. पुरवठादारास पाळीच्या पद्धतीबद्दल विचारावें व त्याच्यापुढें आपली वही ठेवावी. "चालत नाहीं" या तक्रारीपेक्षां "मंगळवारीं रात्रीं नऊ वाजतां मनोऱ्यावर गोंगाट उणें ७६ होता" ही तक्रार टाळणें त्यास अवघड जातें. शक्ति वाढविण्याचा विचार सर्वांच्या शेवटीं, तोहि मर्यादेच्या आंत करावा.

ई-पीक पाहणीची मुदत कोणासाठीं थांबत नाहीं. खरीपाच्या नोंदी सुरू होण्यास अवकाश आहे तोंच प्रत्येक सोसायटीनें आपल्या गांवापुरती ही नोंदवही उघडावी व पहिल्या सात दिवसांचे आंकडे लिहून काढावे, अशी वाचकांस विनंती आहे.